सात नंबरचा चॅनल

आयुष्यात मी स्वतःची म्हणून एकच धून बांधली. चार मिनिटं आणि वर थोडी सेकंदं. शब्द नाहीत, गायक नाही, नुसत्या तीन गिटारी आणि तिन्ही मीच वाजवलेल्या. एकीवर धून, दुसरीवर कॉर्ड, आणि तिसरी म्हणजे तीच गिटार सॉफ्टवेअरमध्ये एक सप्तक खाली उतरवून बेससारखी केलेली. त्याआधी बावीस वर्षं मी जे काही वाजवलं ते दुसऱ्यांचं, तेही लोकांनी नाचावं म्हणून. निदान ही चार मिनिटं तरी कुणीतरी बसून, गिटार ऐकायची म्हणून ऐकावीत, एवढंच मला हवं होतं. मागणं फार मोठं होतं असं मला आजही वाटत नाही.

कर्जतजवळ दहिवलीला आमचं लहानसं घर आहे. मागच्या बाजूला एक अरुंद खोली आहे, तिथे पूर्वी भाताची पोती असायची. खोपोलीच्या एका कागद कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. तिथून सुटलो तेव्हा बरोबरच्या लोकांनी झोपाळे घेतले, देवदर्शनाच्या सहली केल्या. मी जुना लॅपटॉप दुरुस्त करून घेतला, एक साधी पोकळ लाकडाची गिटार घेतली, तिच्यासमोर ठेवायला माइक आणि तो लॅपटॉपला जोडायची एक छोटी पेटी आणली. बायकोच्या चार गोधड्या भिंतींवर आणि दारावर टांगल्या. ती म्हणाली, "थंडीत काय पांघरू?" मी म्हटलं, थंडीपर्यंत होईल. थंडी येऊन गेली, गोधड्या भिंतीवरच होत्या.

रेकॉर्डिंग दुपारी दोन ते चार. त्या वेळात शेजारपाजार झोपतो, पण बाकीचं जग झोपत नाही. घाट चढणाऱ्या मालगाडीला मागून इंजिनं लागतात, ती शिट्ट्या मारून एकमेकांना कळवतात. शेजारी पाण्याची मोटर सुरू होते. भंगारवाला तर ध्वनिमुद्रित आवाज घेऊन फिरतो, त्याचं रेकॉर्डिंग माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. एकदा धून अगदी शेवटाला आली, हात छान लागला होता, आणि नेमका तो "जुना फ्रीज, कूलर" करत आला. मी खिडकीतून त्याला जे बोललो तेही रेकॉर्ड झालं. तरीही तीन आठवड्यांत तिन्ही ट्रॅक झाले. मला वाटलं, काम संपलं. रेकॉर्डिंग म्हणजे नुसती भाजी निवडून ठेवणं असतं आणि खरा स्वयंपाक पुढेच असतो, हे मला माहीत होतं, पण स्वयंपाकाला वर्ष लागेल असं वाटलं नव्हतं.

आधी त्या बावीस वर्षांबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या रायगडात लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडवात बेंजो पार्टी बोलावतात. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य, त्याचा आवाज असा टणत्कार करत येतो की म्हातारी माणसंही खुर्चीतून उठतात. सोबत ढोल, ऑक्टापॅड, कीबोर्ड आणि एक गिटारवाला. तो गिटारवाला मी. शनिवार-रविवार आणि लगीनसराईत सलग आठ-आठ दिवस आम्ही भिवपुरीच्या क्वार्टर्सपासून नेरळ, कशेळे, चौक, खालापूर असं सगळीकडे वाजवलं. सुपारी द्यायला येणारा माणूस पहिलं विचारायचा, "गिटारवाला हाय ना?" गिटार असली की पार्टी मोठी समजायची. पत्रिकेएवढ्या आमच्या कार्डावर माझाच फोटो होता, काळा गॉगल लावलेला. त्याची मला फार फुशारकी होती, ती आता लपवत नाही.

पार्टीचा मालक म्हणजे स्वतः बेंजो वाजवणारा. आणि आवाज सांभाळायला एक साऊंडवाला. तो खालापूरकडचा, कोकणी मुसलमान घरातला, बापाचा धंदा मांडव आणि लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा. वयाने माझ्याएवढाच. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला मास्तर. हा भाई आमच्यात कधी उभा राहत नसे. तो आपलं मिक्सर मांडवाबाहेर, लांब, एखाद्या आंब्याखाली मांडायचा. प्रत्येक वाद्याची वायर त्या मिक्सरला जायची, प्रत्येकाला एक चॅनल. माझा सात नंबरचा. मिक्सरमधून आवाज दोन ठिकाणी निघायचा: लोकांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरच्या मोठ्या डब्यांत, आणि वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्याजवळ ठेवलेल्या लहान डब्यात. त्या लहान डब्याला मॉनिटर म्हणतात. माझा मॉनिटर डाव्या बाजूला असायचा, एकात एक रचलेल्या खुर्च्यांवर, बरोबर कानाच्या उंचीला. उजवीकडे कच्छी ढोल. ढोल सुरू झाला की मला माझी गिटार ऐकू यायची नाही आणि मी भाईकडे बघून हात वर करायचो, वाढव. तो वाढवायचा. पुन्हा हात वर. तो पुन्हा वाढवायचा. गाडीत परतताना आमची भांडणं व्हायची, पण मांडवात त्याने मला कधी नाही म्हटलं नाही.

नंतर कीबोर्डमध्येच गिटारचा आवाज मिळायला लागला आणि मालकाने मला एका लगीनसराईआधी चहा पाजून सांगितलं की यंदा गाडीत जागा कमी आहे. मी समजलो. घरी येऊन गिटार खोळीत घातली ती बरीच वर्षं. मालक पुढे वारला. मी मातीला गेलो, पण कुणाशी बोललो नाही.

तर मिक्सिंग. पहिल्याच दिवशी हेडफोन लावून ऐकलं आणि जीव खट्टू झाला. माझी गिटार गोधडीखालून वाजत होती. तार छेडल्यावर जी बारीक धार निघते, बोट तारेवरून सरकताना जे किंचित कुरकुरतं, ते काहीच नाही. मला वाटलं, खरंच गोधड्यांनी आवाज खाल्ला. मग ट्रेबल वाढवला. ट्रेबल म्हणजे वरचे, बारीक, टोकदार आवाज. वाढवल्यावर जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकलं तर पुन्हा मंद. पुन्हा वाढवला. मग खालचे आवाज कमी केले, कारण तेच वरच्यांना दाबत असणार. मग कॉर्डच्या गिटारलाही धार दिली, नाहीतर ती मागे पडत होती. मग ती पुढे आली म्हणून धुनेची गिटार आणखी चढवली. मोबाइलवर शिकवणारे सगळे एकच सांगत होते, वाढवू नका, आधी नको ते कापा. त्यांना काय जातंय सांगायला. त्यांची गिटार चांगली होती, खोल्या चांगल्या होत्या, त्यांच्याकडे भंगारवाला येत नव्हता.

असं सात-आठ महिने चाललं. लॅपटॉपमध्ये त्याच धुनेच्या तीस-पस्तीस प्रती जमल्या, प्रत्येक आधीपेक्षा टोकदार. शेवटी एक मला पटली. ऐकताना पहिल्यांदाच वाटलं की हो, ही गिटार आहे. ती मी जुन्या पार्टीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली.

पाच मिनिटांत उत्तरं आली. "एक नंबर दादा." "लय भारी." दोन अंगठे, एक हात जोडलेला, एक गुलाब. धून चार मिनिटांची आणि उत्तर पाच मिनिटांत, म्हणजे ऐकली किती ते मी समजायचं. आपल्याकडे वाईट म्हणायची पद्धत नाही. जेवण खारट झालं तरी पंगतीत "झकास" म्हणायचं आणि घरी जाऊन घटाघटा पाणी प्यायचं. भाईही त्या ग्रुपवर होता. त्याने काहीच लिहिलं नाही. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. दोन निळ्या खुणा दिसत होत्या, म्हणजे उघडलं होतं. वाटलं, कार्डावरच्या माझ्या फोटोवरून याला अजून जळतंय.

घरात मात्र एक जण खरं बोलणारं होतं आणि तिचं मला ऐकायचं नव्हतं. मी स्पीकरवर धून लावली. बायको ओट्यापाशी मेथी निवडत होती. अर्ध्या मिनिटात ती म्हणाली, "जरा बारीक करा, दातावर कळ येतीय."

"कळ?"

"ताटावर चमचा घासल्यावानी वाटतंय. आदी बरं वाजवायचे तुमी, त्या खोलीत गोधड्या लावून बसला तवा. आता निस्तं टोचतंय."

मी जे बोललो ते लिहायला नको. सार एवढंच की तिला भजनातली पेटी सोडून काय कळतं. आयुष्यभर ज्या बाईने माझ्या हळदीच्या रात्री एकटीने काढल्या, तिला मी हे म्हणालो. मेथीची जुडी उचलून मागच्या दाराशी पायरीवर जाऊन बसली. पाऊस संपत आला होता, दिवे लागायची वेळ होती. थोड्या वेळाने मला लाज वाटली आणि मीही तिथे जाऊन बसलो. सरळ माफी मागायची आम्हा पुरुषांना सवय नाही, म्हणून इकडचंतिकडचं काढलं. समोर शेत होतं तिथे आता कुणाच्या तरी दुसऱ्या घराची, म्हणजे मुंबईकरांच्या सुट्टीच्या घराची, भिंत उठली आहे. मी नेहमीचंच म्हटलं, "बिल्डर लोकांनी काय ठेवलं नाही बघ. एवढं हिरवं असून एक रातकिडा वाजत नाही आता. तेही गेले."

हे मी तीन-चार वर्षं सगळ्यांना सांगत होतो. नाक्यावर, सलूनमध्ये, एकदा तर सोसायटीवाल्यांशी भांडताना पुरावा म्हणून सांगितलं होतं. रातकिडे गेले, मातीच मेली, वगैरे.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "अवो, काय बोलताय? किती किर्र चाललंय. मघापासनं मोठ्यानं बोलतेय मी तुमच्याशी."

मी ऐकायचा प्रयत्न केला. लांब कुठेतरी टेंपो रिव्हर्स घेत होता, कुत्रं भुंकत होतं, तिच्या बांगड्या मात्र हलत होत्या आणि वाजत नव्हत्या. हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. हात हलतोय, काच काचेवर आपटतेय, आणि आवाज नाही.

"कुकरच्या शिट्टीला तुमी कदी उठत नाय," ती म्हणाली. "मला वाटायचं, मुद्दाम करतात. आळशीपणा करतात."

मी तिचा हात धरून बांगड्या माझ्या कानाजवळ हलवून पाहिल्या.

पनवेलला जाऊन कान तपासले. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले आणि हातात एक बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. बराच वेळ मी दाबलंच नाही. मला वाटलं, मशीन अजून सुरू व्हायचं आहे. बाहेर तपासणाऱ्या मुलीने कागद दाखवला. दोन रेघा, डावीकडून येताना सरळ आणि मग बारीक आवाजांच्या बाजूला घाट उतरावा तशा खाली. डाव्या कानाची जास्त खाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, कारखान्यात मशीनवर होतात का?" मी म्हटलं, स्टोअरला, तिथे फाइलींचाच आवाज. "मग डाव्या बाजूला मोठा आवाज कशाचा होता?" मी म्हटलं, गिटारचा. त्या हसल्या नाहीत. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं जपा, असं त्यांनी सांगितलं. कानातलं यंत्र बोलणं ऐकायला उपयोगी पडेल, म्हणाल्या, संगीताचं सांगता येत नाही.

म्हणजे आठ महिने मी माझ्या कानांत जे उरलं नव्हतं ते लॅपटॉपमधून ओढून काढत होतो. मला धार ऐकू यावी म्हणून एवढी चढवली की दुसऱ्याच्या दातांवर कळ यावी. मिक्स मंद नव्हतंच, मी मंद झालो होतो. आणि ग्रुपमधल्या एकालाही "मास्तर, टोचतंय" म्हणावंसं वाटलं नाही.

मग उरलं काय? धून होती. ट्रॅक होते, जसे वाजवले तसे, न चढवलेले. पाहिजे होती कानांची एक जोडी. माझ्या ओळखीत आवाज समजणारे कान एकाच माणसाचे होते. ग्रुपवर गप्प राहिलेल्या त्या माणसाचे. गप्प राहण्यामागचं कारण आता मला कळलं होतं, खोटं "भारी" म्हणणं त्याला जमलं नव्हतं. तेवढ्यावर मी त्याला मनातून माफ केलं आणि पेनड्राइव्ह घेऊन निघालो.

चौकच्या रस्त्याने स्कूटर घातली. भाईचं दुकान खालापूरच्या अलीकडे हमरस्त्याला. पुढे दुकान, मागे मोठं अंगण, तिथे डबे, मांडवाच्या कमानी, खुर्च्यांचे ढीग. भाई आता जाड झालाय, साखरेचा आजार आहे, चष्मा कपाळावर. पण लॅपटॉपवर तो माझ्यापेक्षा चपळ निघाला. हल्ली तो हळदीची गाणी रेकॉर्ड करून देतो, आतल्या खोलीत त्याने त्यासाठी भिंतींना फोम लावलाय.

"ये रं मास्तर. किती वर्सांनी."

मी कानांचं सगळं सांगितलं. रिपोर्ट दाखवला. तो कागद त्याने बराच वेळ हातात धरला आणि घडी करून परत दिला. मग म्हणाला, "ग्रुपवर टाकलंस ते मी ऐकलं व्हतं. पाच शेकंदात बंद केलं. काय लिवनार? माझा हात नाय उचलला."

"म्हणून तर आलो. आता तू कर."

त्याने माझं सगळं चढवलेलं काढून टाकलं आणि कोरे ट्रॅक लावले. एकेक गिटार वेगळी ऐकली. मग कामाला लागला. कॉर्डच्या गिटारचा खालचा गढूळ भाग त्याने कापला, म्हणजे बेसला जागा झाली. दोन गिटारी मी एकावर एक ठेवल्या होत्या, त्या त्याने थोड्या डावी-उजवीकडे सरकवल्या. धुनेच्या गिटारला काही वाढवलं नाही, उलट बाकीच्यांमधून तिच्यापुरतं थोडं थोडं काढून घेतलं. "हिला आवाज नाय, वाट पायजे व्हती," तो म्हणाला. इको अगदी चिमूटभर. पडद्यावर सगळं दिसत होतं म्हणून मला समजत होतं. कानांनी मी फक्त एवढं सांगू शकत होतो की गिटार वाजतेय. तासाभराने त्याने डोळे मिटून चारही मिनिटं सलग ऐकली. धुनेच्या दुसऱ्या भागात मी वरच्या पट्टीत एक जागा घेतली आहे, चढत जाऊन शेवटचा सूर नुसता लटकत ठेवलाय. ती जागा आली तेव्हा तो खुर्चीत थोडा पुढे सरकला. ते पाहून मला जे सुख झालं ते कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

संपल्यावर त्याने चष्मा काढून पुसला. "एवडा गोड हात हाय रं तुझा. मला ठावंच नव्हतं."

मी हसलो. "बावीस वर्षं तूच तर ऐकत होतास."

तो चष्मा पुसतच राहिला. पुसून झाला तरी पुसत होता. मी परत म्हटलं, "भाई?"

"नाय रं," तो म्हणाला. "ऐकलंच नाय कदी."

मला वाटलं, गंमत करतोय. मग त्याने सांगितलं. अगदी पहिल्या लगीनसराईतच मालकाने त्याला सांगून ठेवलं होतं. बेंजो आणि गिटार एकाच उंचीवर बोलतात, दोघं एकदम वाजले की बेंजो फुटतो, आणि लोक पैसे बेंजोचे देतात. गिटार दिसली पायजे, ऐकू नाय आली पायजे. सात नंबरचा चॅनल मोठ्या डब्यांना जोडलेलाच नसायचा. जायचा तो फक्त माझ्या मॉनिटरला.

"एका बी हळदीत नाय?"

"एका बी नाय. आदी वाटलं, तुला सांगावं. मंग तुझा फोटू कार्डावर आला. मंग कसं सांगनार?"

पार्टीतली माझी गिटार इलेक्ट्रिक, आणि तिला स्वतःचा आवाज नसतो. वायर पुढे गेली नाही तर ती म्हणजे तारा लावलेलं लाकूड. नेरळला मी एका हळदीत जो तुकडा वाजवला आणि माणसं शिट्ट्या मारून ओरडली, ती कीबोर्डसाठी ओरडली होती. लग्नाच्या व्हिडिओत शूटिंगवाले वरून सिनेमाची गाणी चिकटवायचे, त्यामुळे पडताळा नव्हता. पुढे लोक मोबाइलवर क्लिपा काढायला लागले. त्यांत माझी गिटार नसायची. मी म्हणायचो, मोबाइलचा माइक हलका. मी इतका शहाणा की स्टोअरमध्ये एक नट कमी भरला तरी पकडायचो आणि इथे बावीस वर्षं मला शेंडी लावली ती कळली नाही. मालक असता तर त्याच्या दारात जाऊन तमाशा केला असता. तो तर सुटला. त्याच्या मातीवर मी मूठभर मातीही टाकली होती.

"मग मॉनिटर कशाला वाढवायचास?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण बाहेरचा माणूस डोकावला.

"तू मागायचास. पुडं नाय दिलं, निदान तितं तरी द्यावं म्हनून." तो खाली बघत म्हणाला. "तू मागशील तेवडं देत गेलो. माझं बी चुकलंच ना मंग."

मी रिपोर्ट खिशातून काढून त्याच्या अंगावर फेकावा असं मनात आलं. फेकला नाही. त्याला मारूनही डावा कान काही सरळ रेघेवर येणार नव्हता. जी गिटार मांडवातल्या एकानेही ऐकली नाही तिने माझे कान घेतले, आणि घेतले ते माझ्याच हाताच्या खुणेवर. पेनड्राइव्ह काढून चालू पडावं असंही वाटलं. पण मग धुनेचं काय? दुसरे कान कुठून आणणार होतो? ज्याने मला बावीस वर्षं बंद ठेवलं त्याच्याच भरवशावर मला बसावं लागत होतं. मी बसलो. म्हटलं, "पूर्ण कर."

त्याने पूर्ण केली. फाइल पेनड्राइव्हवर घातली. मग मला न विचारता अंगणात गेला. तिथे कुठल्यातरी हळदीसाठी मोठे डबे तपासायला मांडले होते, ते त्याने सुरू केले. भर दुपार होती. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. धून सुरू झाली. खुर्च्या मोजणारे दोन गडी थांबले. चहा घेऊन येणारी बाई तशीच उभी राहिली. मला जे ऐकू येत होतं ते सपाट होतं, दार लावून घेतलेल्या खोलीतून यावं तसं. सूर कळत होते, कारण ते मीच बांधले होते. तार कळत नव्हती. वरची जागा आली, शेवटचा सूर लटकला, म्हणजे लटकला असणार. चहावाल्या बाईने मान वर केली, त्यावरून मी धरलं.

तिथे एक गृहस्थ मुलीच्या हळदीचा साऊंड ठरवायला आले होते. डोक्याला टोपी, हातात हेल्मेट, शेतकरी असावेत. धून संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग भाईला म्हणाले, "जेवनाच्या टायमाला ह्येच लावा. गोंगाट नाय, काय नाय. मिळंल ना ह्ये?"

भाईने माझ्याकडे बघितलं. मी कोण ते त्याने सांगितलं नाही, आणि सांगू नये अशी माझीही इच्छा होती. मी मान हलवली. चार मिनिटांसाठी माझं जे मागणं होतं ते पुरं व्हायला निघालं होतं. पंगतीत, वरणभाताबरोबर, पण मोठ्या डब्यांतून.

गृहस्थ माझ्याजवळून जाताना थांबले. मीही गिऱ्हाईकच आहे अशी त्यांची समजूत झाली होती.

"गिटार कशी स्वच्छ ऐकू येते, नाय?" ते म्हणाले. "एकूण एक तार."

मी "हो" म्हटलं.